पगार नाही, उलट पैसे भरायचे?

मागच्या अंकात मी पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशात, फ्रीटाउनच्या बंदरातल्या ‘ग्लोबल मर्सी’ या ‘मर्सी शिप्स’ संस्थेच्या दवाखाना-जहाजावर ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर म्हणून राहिल्याचं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही. ज्यांत बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी चार घेतली आहेत.

ताई, माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, एका खाजगी दवाखान्यात ओटीला असते. जहाजावर पगार किती मिळतो? माझी आजी म्हणते, “पैसा भरीसन फुकट काम कोन करस?”
— एक परिचारिका, शहादा

आजीला माझा नमस्कार सांग, तिला सगळं बरोबर कळलंय. पगार शून्य. कॅप्टन असो, सर्जन असो की भांडी घासणारा, मी होते तेव्हा राहण्या-जेवणाचे पैसे दर महिन्याला आपणच संस्थेला द्यायचे असत. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा हेही आपल्याच खिशातून. बरेच जण गावातल्या मंडळींकडून, एखाद्या क्लबकडून वर्गणी गोळा करून येतात. तुला कर्ज काढून जायचं असेल तर मी नाहीच म्हणेन. आधी दोन-चार वर्षं कमव. अनुभवाशिवाय तशीही घेत नाहीत.

आणि हे घरी मोठ्याने वाचून दाखव. “आफ्रिकेत जहाजावर नर्सची नोकरी, एवढे भरा, बाकी आम्ही बघतो” असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नकोस. अर्ज थेट संस्थेकडेच करायचा असतो, मध्ये एजंट नसतो.

तुझी एक जमेची बाजू मात्र सांगते. नंदुरबारच्या पोरी सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, ओळखून असतात. पश्चिम आफ्रिकेत हा आजार आपल्यासारखाच घरोघरी. अशा पेशंटला टेबलावर थंडी वाजू द्यायची नाही, शरीरातलं पाणी आणि ऑक्सिजन कमी पडू द्यायचा नाही, हे युरोपातून आलेल्या माझ्या जोडीदारणीने पुस्तकात वाचलं होतं. मी सिव्हिलला रोज बघत आले होते.

मी भुसावळला रेल्वेतून डिझेल मेकॅनिक म्हणून रिटायर झालो. इंजेक्शन बघितलं तरी घेरी येते. माझ्यासारख्याचा तिथे काय उपयोग?
— एक रेल्वेवाले, भुसावळ

भाऊ, तुमच्यासारख्यांवाचूनच अडतं. जहाजावर डॉक्टर-नर्सपेक्षा बाकीची माणसं कमी नसतात. इंजिनवाले, वायरमन, प्लंबर, स्वयंपाकी, धुणं बघणारे, आणि स्टाफच्या लेकरांसाठी शाळा आहे म्हणून मास्तरही. बंदरात जहाज दहा-दहा महिने एका जागी उभं असतं, पण इंजिनरूमला सुट्टी नसते. वीज, एसी, ऑक्सिजन, उपकरणं निर्जंतुक करायची वाफ, सगळं खालून वर येतं. सहा थिएटरं वर चालतात ती त्या जोरावर.

तुम्हाला गंमत वाटेल. याच संस्थेचं दुसरं जहाज, ‘आफ्रिका मर्सी’, हे मुळात रेल्वेचंच. १९८० साली बांधलेली ही डॅनिश फेरीबोट, तेव्हाचं नाव ‘ड्रॉनिंग इंग्रिड’. ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीतून आगगाडीचे डबे पोटात घालून या काठाहून त्या काठाला न्यायची. पुढे पूल-बोगदा झाला, बोट बेकार झाली. मग तिचा दवाखाना करून २००७ मध्ये आफ्रिकेत पाठवली. जिथे रूळ होते तिथे वॉर्ड आले. इंग्रजी कामापुरतं येत असेल आणि मेडिकल फिटनेस निघत असेल, तर वहिनींना विचारा आणि अर्ज करा. घेरीचं म्हणाल, तर रक्त तुमच्या वाट्याला एकाच वेळी येईल. तिथे रक्तपेढीचं फ्रीज भरलेलं नसतं, स्टाफच चालती-फिरती रक्तपेढी. गट जुळला की हाक येते. एकदा जेवणाच्या रांगेतून स्वयंपाक्याला उचलून नेलेलं मी पाहिलंय. परत येऊन त्याने आपल्याच डावाने सगळ्यांना वाढलं.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्यात डॉक्टर मिळत नाहीत, बाळंतिणीला झोळीत घालून आणावं लागतं. ते सोडून तुम्ही आफ्रिकेत गेलात. ही हौस नव्हे का?
— एक विद्यार्थी, धुळे

राग आला नाही, खरंच. हा प्रश्न मला माझ्या भावानेही विचारला होता, तोही पंक्तीत बसलेला असताना.

हौस थोडी होती, नाकारत नाही. पण माझी नोकरी सगळी याच जिल्ह्यांत गेली आणि धडगावची झोळी मी आमच्या दारात उतरलेली बघितली आहे. म्हणून तुलना करायचा मला थोडा हक्क आहे. फ्रीटाउनला एक बाई आली. तोंडावरून ओढणी, ती काही केल्या काढेना. जबड्याच्या हाडातून वाढलेली गाठ, नारळाएवढी. ही कॅन्सरची नसते, जीव लगेच घेत नाही, नुसती वाढत राहते. दात सरकतात, गिळता येईनासं होतं, शेवटी श्वास कोंडतो. आपल्याकडे ही गाठ लिंबाएवढी असताना कुणीतरी जळगावला नाहीतर नाशिकला घेऊन जातं. उशिरा का होईना, नेतं. तिला नेण्यासारखी जागाच नव्हती. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

बाकी बरंच सारखं. भाजलेली लेकरं तिथेही शेकोटीत, चुलीत पडलेली. हात छातीला चिकटून गेलेला, मान खांद्याला. पेशंटची आई त्याच्याच पलंगाखाली गादी टाकून झोपते. आपल्या सिव्हिलला तसं झोपल्याबद्दल मी बायकांना किती वेळा रागावले असेन! तिथे ती रीतच आहे, गादीसुद्धा दवाखान्याचीच. मला ते आवडलं.

तुझा खरा आक्षेप मी वेगळा मांडेन: जहाज निघून गेल्यावर काय? यावर मला तिथेही पूर्ण समाधान वाटलं नाही. गाठी काढून होतात, पण पुढच्या वर्षीच्या गाठींचं कोण बघणार? म्हणून तिथल्याच भूलतज्ज्ञांना, नर्सना, निर्जंतुकीकरणवाल्यांना शिकवण्यावर भर असतो. माझ्या मते ऑपरेशनांपेक्षा तेच काम मोठं, फोटोत मात्र येत नाही.

चालतंफिरतं रुग्णालय आपल्याकडेही आहे. ‘लाईफलाईन एक्स्प्रेस’ ही दवाखान्याची आगगाडी १९९१ पासून देशभर फिरते. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांसाठी नंदुरबारमध्ये तरंगता दवाखाना आहे. तुला सातपुड्याची कळकळ आहे ना? मग तिथे जा. आफ्रिका सोडून दे, माझी हरकत नाही. सुट्टीत एखाद्या उपकेंद्रात रजिस्टर लिहायला बस, एवढ्यानेही तिथल्या सिस्टरचा अर्धा दिवस वाचतो.

संस्था ख्रिस्ती आहे म्हणतात. आम्ही माळकरी. शिवाय लसींचं काय?
— एक दांपत्य, चोपडा

हो, ख्रिस्ती आहे आणि ते लपवत नाहीत. प्रार्थना होतात. पेशंटचा धर्म मात्र बघत नाहीत, सेनेगल, गिनीसारख्या मुस्लिमबहुल देशांतही त्यांनी काम केलंय. स्वयंसेवकाकडून काय अपेक्षा आहे ते अर्ज करतानाच सरळ विचारून घ्या, नंतर मनात ठेवू नका. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. भाकरी मिळत नाही, भरीत मिळत नाही. मी लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती.

लस ‘यलो फीवर’ची, म्हणजे पीतज्वराची. ती सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच घ्यायची, साध्या दवाखान्यातला कागद चालत नाही. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून तिकीट काढताना तारखा मोजा. एकदा घेतली की जन्मभर पुरते. पण साठीच्या पुढे असाल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. दाखल्याशिवाय परत आलात तर मुंबई विमानतळावरून घरी न जाता सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या, त्या तिथे असेपर्यंत आणि परतल्यावरही सांगतील तितके दिवस. दाखल्याची झेरॉक्स काढून ठेवा, मूळ प्रत पासपोर्टातच राहू द्या.