धुरातून सुटका झाली, तरी रुग्णालयात का राहायचे?

प्रश्न : आमच्या इमारतीत तळमजल्यावरील मीटर बॉक्सला आग लागली आणि जिन्यात कोंडलेल्या धुरातून अग्निशमन दलाने माझ्या दिरांना बाहेर काढले. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती, बोटाच्या ऑक्सिमीटरवर ९८ आकडा होता. तरीही डॉक्टरांनी त्यांना मास्क लावून रात्रभर ठेवून घेतले. याची खरोखर गरज होती का?

उत्तर : होती, आणि त्या ९८ आकड्यावर विसंबून त्यांना घरी पाठवले असते, तर ती गंभीर चूक ठरली असती. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला या दोहोंतला फरक कळत नसल्याने, रक्त ऑक्सिजन वाहून नेत नसतानाही आकडा उत्तम दिसतो. रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे खरे प्रमाण रक्ताच्या तपासणीतूनच कळते. साध्या हवेत हे प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, तर मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास पुरतो. मास्क त्यासाठीच होता.

दुसरी भीती घशाची असते. गरम धुराने श्वासमार्गाच्या वरच्या भागाला येणारी सूज लगेच दिसत नाही, ती काही तासांत वाढत जाते. आवाज घोगरा होणे, थुंकीत काजळी येणे, नाकातले केस करपलेले दिसणे या तिच्या आधीच्या खुणा होत. अशा वेळी डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय लवकर घेतात आणि ‘चालता-बोलता माणूस व्हेंटिलेटरवर कसा?’ म्हणून नातेवाईक संतापतात. परंतु सूज पूर्ण चढल्यावर तीच नळी घालणे अतिशय अवघड होऊन बसते.

सोफ्यातील फोम किंवा नायलॉन जळाल्यास सायनाइडही तयार होते, म्हणून काय जळत होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मुंबईत कमला मिल आवारातील २०१७च्या आगीत १४ जणांचा बळी गेला, तोही बहुतांशी गुदमरून.

आपले दीर आता घरी असतील, तर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवावे. विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असे काही नव्याने जाणवल्यास ‘धक्क्यामुळे असेल’ म्हणून सोडून न देता डिस्चार्ज कार्ड घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. कार्बन मोनॉक्साइडचा मेंदूवरील परिणाम कधीकधी असा उशिरा प्रकट होतो.