सहावं कार्ड

"मी तिच्या चांगल्यासाठीच सांगते हो, पण ऐकेल तर शपथ!" हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणांनी उच्चारलंय की पुढचा शब्द मला आधीच ऐकू येतो. निवृत्त मुख्याध्यापिका सुनेबद्दल हे म्हणतात, कारखान्यातले जुने फोरमन नव्या पोरांबद्दल म्हणतात. गेल्या डिसेंबरात एका तरुणाने हेच वाक्य एका मोबाइल गेमबद्दल म्हटलं. अनुभवी माणसाने नवख्याला किती सांगावं, हा प्रश्न त्याच्या गोष्टीत मला जितका स्वच्छ दिसला तितका आजवर कुठेच दिसला नव्हता, म्हणून त्याच्या परवानगीने ती लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याला निनाद म्हणू. वय सत्तावीस, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. झोप लागत नाही म्हणून आला होता. दुसऱ्या भेटीत खरं दुखणं बाहेर आलं. तो ज्या गेममध्ये क्लब चालवायचा, त्यातून लोक एकेक करून निघून चालले होते. अठ्ठावीसचे अकरा उरले होते. आणि त्याची सांगलीची मामेबहीण रेवा, जिला त्यानेच हा खेळ शिकवला, तिने गेम काढून टाकला होता. ती त्याच्या निरोपांना उत्तर देत नव्हती. भाऊबीजेलाही फोन आला नाही.

गेमचं नाव उमामुसुमे प्रिटी डर्बी. जपानमध्ये तो फेब्रुवारी 2021 मध्ये आला, इंग्रजीत जून 2025 मध्ये. जपानच्या खऱ्याखुऱ्या शर्यतींच्या घोड्यांची नावं आणि स्वभाव घेतलेल्या मुली त्यात धावतात आणि आपण त्यांचे ट्रेनर. पालक विचारतात म्हणून सांगते, यात पैज लावायची नसते. तीन वर्षांची कारकीर्द, महिन्याला दोन टर्न. प्रत्येक टर्नला ठरवायचं: सराव, विश्रांती, फिरायला नेणं की शर्यत. स्पीड वाढवत बसलात आणि स्टॅमिना विसरलात तर लांबच्या शर्यतीत मुलगी शेवटच्या सरळ पट्ट्यात ढेपाळते. दमलेली असताना सराव लादलात तर सराव फसतो आणि तिचं मनही उतरतं. हे सगळं मला निनादनेच शिकवलं, आणि त्या शिकवण्यातच पहिला धागा हाती लागला.

मी त्याला म्हटलं होतं, "मला काही येत नाही असं समज. शिकव."

त्याने फोन माझ्या हातात दिला. पहिल्या मिनिटाला मी एका मुलीवर बोट ठेवलं, तो म्हणाला, "ती नको." दुसऱ्या मिनिटाला मी विश्रांती निवडली, तो म्हणाला, "आत्ता कशाला?" चौथ्या मिनिटाला फोन परत त्याच्या हातात होता. तो भराभर बोटं चालवत होता आणि मी त्याच्या मनगटाकडे बघत बसले होते.

"निनाद, आत्ता कोण खेळतंय?"

तो थांबला. ओशाळून हसला. "सॉरी मॅडम. तुम्ही चुकत होतात ना."

"किती वेळ वाया गेला असता माझ्या चुकीने?"

"अर्धा-पाऊण तास. मग नवीन कारकीर्द सुरू करता येते."

हे उत्तर मी लिहून ठेवलं. पुढे ते फार कामाला आलं.

क्लबमधल्या लोकांबद्दल त्याचं मत पक्कं होतं. आळशी आहेत, वाचत नाहीत. त्याने चौदा पानांची फाइल तयार केली होती: सरावाला मदत करणारं कुठलं कार्ड घ्यायचं, कुठलं सोडायचं, कॅरट (गेममधलं चलन) कधीपर्यंत साठवायचे. जपानी आवृत्ती चार वर्षं आधी आल्यामुळे इंग्रजीत पुढे काय येणार ते जुन्या खेळाडूंना ठाऊक असतं. त्यामुळे नवख्याला पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं, 'आज खर्च करू नकोस, अमुक महिन्यांनी खरं कार्ड येणार आहे.' सल्ला अचूक असतो. पण कालच आलेल्या माणसाचा आजचा दिवस त्यात कुठेच नसतो. आमच्या पिढीला बारावीपर्यंत, मग नोकरीपर्यंत, मग घराचे हप्ते फिटेपर्यंत असंच थांबवून ठेवलं गेलं, म्हणून मला हे लगेच ओळखू आलं.

चौथ्या भेटीत मी त्याला रेवाशी झालेलं बोलणं मोठ्याने वाचायला सांगितलं. फक्त त्याने पाठवलेले निरोप. ऑगस्टच्या शेवटी, गणपतीत तिने खेळ सुरू केला तिथपासून. एकूण 41 होते. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. संपल्यावर मी एवढंच विचारलं, "यात प्रश्नचिन्हं किती?"

त्याने पुन्हा वरपासून खाली पाहिलं. "एक."

"कुठलं?"

"'फाइल वाचलीस का?'"

मग मी म्हटलं, आता तिचेही वाच. तिचे मोजकेच होते. त्यातला एक 9 सप्टेंबरच्या रात्रीचा.

त्या दिवसाबद्दल सांगायला हवं. हारु उरारा ही जपानच्या शिकोकू बेटावरच्या कोची रेसकोर्सची घोडी. 113 शर्यती धावली आणि 113 हरली. रेसकोर्स तोट्यात होता, आणि हरत राहूनही धावणाऱ्या या घोडीमुळे माणसं पुन्हा मैदानावर येऊ लागली. 22 मार्च 2004 ला ताके युताका हा जपानचा नावाजलेला जॉकी तिच्यावर बसला, तरी ती अकरांत दहावी आली. तिच्यावर लावलेलं तिकीट कधी 'लागत' नाही, म्हणून लोक ते अपघातापासून रक्षण करणारा ताईत म्हणून गाडीत ठेवायचे. जपानीत 'लागणं' आणि 'धडकणं' यांना एकच क्रियापद आहे. गेममध्येही ती आहे: कमी अंतराची, मातीवर धावणारी, हरूनही हसणारी. तिच्या कथेत तिला अरिमा किनेनचं वेड असतं. ही वर्षाअखेरची मानाची शर्यत 2500 मीटरची आणि हिरवळीवरची, म्हणजे दोन्ही अंगांनी तिला न झेपणारी. जगभरचे खेळाडू तरीही तिला ती जिंकून देण्यासाठी धडपडतात. खरी हारु उरारा 9 सप्टेंबर 2025 ला गेली, एकोणतिसाव्या वर्षी.

रेवाने त्या रात्री लिहिलं होतं: "दादा, आज हारु उरारा गेली रे. खरीखुरी. मला तिला एकदा तरी अरिमा जिंकून द्यायचीय."

निनादचं उत्तर दोन मिनिटांत गेलं होतं: "टर्फ जी, लाँग जी. विसर. बाकुशिन घे, नवख्यांना सोपी पडते."

टर्फ म्हणजे हिरवळ, लाँग म्हणजे लांबचं अंतर, जी म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी, आणि बाकुशिन ही गेममधली दुसरी मुलगी. माहिती बिनचूक होती. त्याने ते वाचलं आणि फोन पालथा घातला. बाहेर भाजीवाला ओरडत होता, तो पुढच्या गल्लीत गेला तरी आम्ही दोघं गप्प होतो.

"ती मला टीम विचारतच नव्हती," तो म्हणाला.

"मग काय सांगत होती?"

"वाईट वाटतंय म्हणून सांगत होती."

इथे थांबले असते तर निनाद एक चांगली माफी मागून मोकळा झाला असता आणि पुढच्या नवख्याला पुन्हा चौदा पानं पाठवली असती. पस्तावलेला माणूस आणि बदललेला माणूस यांतला फरक मला इतक्या वर्षांत कळू लागलाय. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराने काम करते. माणसाला छळते ती इच्छा नव्हे, इच्छेचा झालेला हट्ट, असं ते मांडतात. 'रेवाने माझी चूक टाळावी' ही इच्छा झाली. 'तिने ती करताच कामा नये' हा हट्ट. असा हट्ट कुठून आला हे शोधल्याशिवाय मी पुढे जात नाही.

"तुझी स्वतःची सर्वांत मोठी चूक कुठली, या खेळात?"

बराच वेळ घेतला त्याने. गेममध्ये कार्डं नशिबावर मिळतात. एका पुलला, म्हणजे एकदा नशीब आजमावायला, 150 कॅरट. कार्ड ठरावीक मुदतीपुरतं असतं, त्या मुदतीत 200 पुल झाले की हवं ते कार्ड हक्काने उचलता येतं. मुदत संपली की जमवलेले गुण त्या कामाचे राहत नाहीत. निनाद सुरुवातीलाच किटासान ब्लॅकच्या कार्डामागे लागला. साठवलेले कॅरट संपले, मग पैसे घातले, आणि 170 वर पैसे संपल्यावर थांबला. कार्ड मिळालं नाही. घरी कुणाला कळलं नाही. तो महिना त्याने मित्राकडून उसने घेऊन काढला होता.

"तेव्हा मला कुणीतरी सांगायला हवं होतं, मॅडम."

"कुणी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"हो." मग जरा वेळाने, "सांगितलं होतं. ऑफिसातल्या मित्राने. 200 जमल्याशिवाय सुरूच करू नकोस म्हणाला होता."

"मग?"

"मी त्याला म्हटलं, तुला काय कळतंय."

हे म्हणताना त्याचा चेहरा जो सैल पडला, तो मी विसरणार नाही. पाच महिने तो जगातल्या प्रत्येक नवख्याला स्वतःचे 170 पुल परत मागत होता. कुणी ऐकलं नाही की ते पुन्हा बुडत होते, म्हणून झोप उडत होती. झोपेच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी त्याला डॉक्टरांकडे पाठवायचा विचार माझ्या मनात होता, तो त्या संध्याकाळी मी मागे ठेवला. पुढच्या भेटीला तो सलग चार रात्री झोपून आला होता. माझ्या कामातले असे दिवस मी जपून ठेवते.

आता प्रश्न होता, मग जुन्या खेळाडूने करायचं काय? गप्पच बसायचं? निनादने तसं विचारलंही, थोडं रागानेच. उत्तर त्याच्याच शिकवण्यात होतं. गेममध्ये कारकीर्द सुरू करताना सहा सपोर्ट कार्डं घ्यावी लागतात. पाच आपली. सहावं दुसऱ्या खेळाडूकडून उसनं. नवख्याकडे कच्ची कार्डं असतात, जुन्याकडे पाच-पाच प्रती जमवून पूर्ण ताकदीला आणलेलं एखादं असतं. ते तो उघडं ठेवतो, ज्याला हवं तो उचलतो. एका शब्दाची देवाणघेवाण न होता मदत पोचते. मी म्हटलं, "ज्यांनी हा खेळ बांधला त्यांनी अनुभवी माणसाची जागा ठरवून दिलीय बघ. सहांतली एक. तू सहाच्या सहा भरायला निघाला होतास."

त्याने वहीत सहा चौकोन काढले आणि पाच रिकामे ठेवले.

तेव्हापासून मी हे चौकोन सासूबाईंना आणि फोरमनकाकांनाही काढून दाखवते. सोबत जे सांगते त्यातलं सर्वांत महत्त्वाचं हे: तोंड उघडण्याआधी पाहा, ही चूक दुरुस्त होणारी आहे का? निनादने मला दिलेलं उत्तर आठवा, अर्धा-पाऊण तास. स्टॅमिना कमी ठेवून हरलेली कारकीर्द फार तर तेवढी महाग. ती होऊ द्यावी. हरलेल्याने स्वतः शेवटचा पट्टा पुन्हा पाहून 'हिचा दम संपला' असं म्हटलं की ते त्याचं ज्ञान झालं. तुम्ही आधी सांगितलंत तर ती नुसती तुमची आज्ञा राहते. पाहायला मदत करायचीच असेल तर 'शेवटच्या वळणानंतर काय झालं?' असं विचारावं आणि खरंच उत्तराची वाट पाहावी.

पैशाचं मात्र वेगळं. गेलेला पैसा नवीन कारकीर्द सुरू करून परत येत नाही. समोरचा खिशात हात घालतोय असं दिसलं तर न विचारता सांगावं. एकदा, स्पष्ट, आणि स्वतःचा आकडा सांगून. 'मी 170 वर अडकलो, उसनवारी केली' हे ऐकणाऱ्याच्या कानात राहतं. 'असले खेळ पैसे खातात' हे राहत नाही. एकदा सांगून झालं की त्याचा निर्णय त्याच्याकडे. अल्पवयीन मूल असेल तर अर्थात ही सूट नाही, तिथे पालकांनी पैशाची वाट बंदच ठेवावी.

कुणी प्रश्न विचारला, तर प्रश्नाएवढंच उत्तर द्यावं. 'विश्रांती कधी देऊ?' याला 'सराव फसण्याची टक्केवारी वाढलेली दिसली की' एवढं पुरतं. त्याला चौदा पानं जोडू नयेत. आणि नवखा कशासाठी खेळतोय ते आधी विचारावं. कुणाला क्लबची क्रमवारी हवी असते, कुणाला फक्त आवडत्या मुलीची गोष्ट. क्रमवारीसाठी बरोबर असलेला सल्ला गोष्टीसाठी चुकीचा असू शकतो. रेवाच्या बाबतीत तेच झालं होतं.

निनादने फाइल पुसली नाही, मीही आग्रह धरला नाही. मेहनतीने केलेली गोष्ट आहे. क्लबच्या माहितीत त्याने एक ओळ टाकली: 'फाइल आहे, हवी असेल तर मागा.' दोघांनी मागितली. क्लबमध्ये आता चौदा जण आहेत. रेवाला त्याने लिहिलं, "त्या रात्री तू काय म्हणत होतीस ते मी वाचलंच नव्हतं. आज वाचलं." तिचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस त्याने दुसरा निरोप पाठवला नाही. माझ्या मते आमच्या सगळ्या भेटींतलं सर्वांत अवघड काम त्याने त्या नऊ दिवसांत केलं.

शेवटच्या भेटीला तो आला तेव्हा त्याने फोन माझ्यापुढे धरला. रेवाने पुन्हा गेम घेतला होता. पडद्यावर अरिमा किनेनचा निकाल होता, हारु उरारा सोळावी. खाली रेवाचा निरोप: "दादा, परत हरली. काही सांगू नकोस हं." त्यावर निनादचं उत्तर, "नाही सांगत. दम कुठे संपला?" आणि मग तिचे एकापाठोपाठ एक सात निरोप, सगळे लांबलचक.

"तुझं कार्ड घेतलं होतं का तिने?" मी विचारलं.

"हो. सुपर क्रीक. स्टॅमिनाचं," तो म्हणाला. "मी नव्हतं सांगितलं. तिने शोधून घेतलं."