रंगाला बसण्याआधी: दशावतारात नव्याने उभ्या राहणाऱ्यासाठी

बाबा, दशावतार म्हणजे आपलं कोकणातलं लोकनाट्य. जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाल्यावरच ते उभं राहतं, म्हणून जेवण किमान ३ तास आधी उरक, तेही अर्धपोटी. भरल्या पोटी लढाईच्या गिरक्या घेतल्यास की कुशीत कळ येते.

आवाजाची घाई करू नको. आधी ५ मिनिटं ओठ मिटून गुणगुण, मग पेटीवाल्याकडून सूर घेऊन खालून हळूहळू वर चढ. थंड गळ्याने राक्षसाची आरोळी ठोकलीस तर पहाटेपर्यंत घसा बसलाच समज. पाणी कोमट, घोट घोट.

घोटे, गुडघे, कंबर, मान रंगाआधीच मोकळी कर. पोशाख चढल्यावर वाकायची सोय उरत नाही. चेहऱ्याला खोबरेल अगदी २-३ थेंब. जास्त झालं की रंग धरत नाही, घामाबरोबर थेट डोळ्यांत उतरतो आणि मग पाणी लावून सगळंच विस्कटतं. मुकुट बांधला की तोंड पूर्ण उघडून बघ. जबडा आवळला असेल तर संवाद अडखळणार.

लिहिलेली संहिता हाताशी नसते. त्यामुळे आख्यान, म्हणजे त्या रात्रीची कथा, ठरताच समोरच्या पात्राला गाठ, प्रवेश कुठे संपवायचा, कुठल्या शब्दावर पद उचलायचं ते पक्कं कर. मृदुंगवाल्यालाही सांगून ठेव.