चावी अजून तुमच्याच खिशात आहे ना?

सल्ला मागणारं हे पत्र चिपळूणच्या बाजारपेठेमागच्या एका चाळीतलं आहे. आजोबांनी 1961 साली भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या, चाळीत एकूण नऊ बिऱ्हाडं. मूळ मालकाच्या मुलाने जागा बिल्डरला विकली आणि निरोप आला, 'गणपती झाले की रिकामं करा.' परसात लिंगायत समाजाची जुनी रुद्रभूमी, म्हणजे दफनभूमी, आहे. पत्र लिहिणाऱ्यांच्या आजोबांची समाधीही तिथेच, आणि नव्या नकाशात त्यावर पार्किंग दाखवलंय. नऊही जणांनी संमतीपत्रावर सह्या करून दिल्या. प्रत एकाकडेही नाही. शेजारच्या मुलाने सही करताना मोबाइलवर फोटो काढले होते, म्हणून मला ती पाच पानं वाचता आली. विचारलंय एवढंच की नवी खोली मिळेल का आणि समाधी राहील का.

राजापूर, मालवण, अलिबाग, कुठूनही येणारं पत्र थोड्याफार फरकाने असंच असतं. न वाचता सही करू नये, प्रत घ्यावी, हे मी आता लिहीत नाही. लिहून लिहून शाई संपली.

सरळ चौथ्या पानावर या. सातवा मुद्दा म्हणतो, 'सदर खोलीवरील आमचा भाडेहक्क आम्ही आज रोजी स्वखुशीने सोडून दिला असून खोलीचा रिकामा ताबा मालकाच्या स्वाधीन करीत आहोत.' बाकीच्या पानांत लिफ्ट आहे, टाइल्स आहेत, गॅलरी आहे. साडेचारशे फुटांची खोली 'देण्याचा मानस आहे' असंही आहे. मानसावर दावा लागत नाही. सातव्या मुद्द्यावर मात्र तुमचं सगळं जातं.

ते कसं, हे सावकाश सांगतो. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमात जुनी इमारत पाडून नवी बांधायला मालकाला वाट दिली आहे, कलम 16(1)(i). पण त्या वाटेवर कोर्टाचा नाका आहे. बांधकामाला पैसे आहेत, नकाशे आणि अंदाजपत्रक तयार आहे, हे मालकाने दाखवावं लागतं. प्रत्येक भाडेकरूला आहे तेवढीच चटई क्षेत्राची जागा, फार तर पाच टक्के इकडेतिकडे, देण्याची लेखी हमी द्यावी लागते. पूर्ण ताबा मिळाल्यापासून एका महिन्यात पाडायला सुरुवात, तीन महिन्यांत पाडून पुरं आणि पंधरा महिन्यांत नवं बांधकाम, हेही त्या हमीत येतं. हे सगळं 16(6) मध्ये आहे. मग कलम 20 येतं. असा हुकूमनामा झाल्यावर तुम्ही ताबा दिलात, की ताबा दिल्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत 'नव्या इमारतीत मला जागा हवी' अशी नोटीस मालकाला द्यायची. ती दिली तर परत येण्याचा हक्क पक्का.

आता यातला पहिला शब्द पाहा, हुकूमनामा. कोर्टाच्या हुकमाने ताबा गेला तरच कलम 20 तुमच्या मदतीला येतं. स्वखुशीने चावी दिली, तर ना हमी, ना पंधरा महिने, ना सहा महिन्यांची नोटीस. बिल्डरच्या वकिलाला हे पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे दावा लावत नाही आणि तुमच्या ओटीवर चहा प्यायला येतो.

तुमची सही झाली, पण तुम्ही अजून त्याच खोल्यांत राहता. नुसत्या सहीने भाडेहक्क संपला का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल आणि मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. चावी दिल्यावर मात्र बोलायला फारसं उरत नाही. तेव्हा या आठवड्यात बिल्डरला पत्र टाका: सही नवी खोली मिळेल या भरवशावर घेतली, भाडेहक्क सोडलेला नाही, ताबा दिलेला नाही आणि देणार नाही, संमतीपत्राची प्रत द्या. रजिस्टर पोस्ट 1 सप्टेंबर 2025 पासून स्पीड पोस्टात गेलं आहे, तेव्हा स्पीड पोस्टानेच, पोच मागून, आणि नऊ जणांनी नऊ वेगळी पत्रं.

बिल्डर खरोखर बांधणार असेल तर त्याला सांगा, पर्यायी जागेचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवून दे. त्यात मजला, खोली क्रमांक, क्षेत्र, मधल्या काळाचं भाडं आणि उशीर झाला तर काय, हे हवंच. सगळ्यात आधी हे वाक्य: 'भाडेहक्क नव्या जागेचा ताबा मिळेल त्या दिवशी संपेल, त्याआधी नाही.' या वाक्याला जो बिल्डर तयार नाही, त्याच्या टाइल्सच्या रंगाची चर्चा करण्यात अर्थ नाही.

मुंबईच्या चाकरमानी भावाने तुम्हाला म्हाडा, एकावन्न टक्के संमती, किमान 300 चौरस फूट वगैरे सांगितलंय. ते मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींचं गणित. चिपळूण नगरपरिषदेच्या हद्दीत ते लावू नका.

दुसरी भीती धोकादायक इमारतीच्या नोटिशीची. नगरपरिषद अधिनियम 1965 च्या कलम 195 खाली तशी नोटीस येऊ शकते. जीव धोक्यात असेल तर बाहेर पडा, तिथे हट्ट नको. पण बाहेर पडणं आणि हक्क सोडणं या दोन गोष्टी आहेत. शहा रतनसी खिमजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये हेच म्हटलं: पालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. निघण्याआधी प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि भाडेकरूंची यादी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या.

पावत्या 22 जुलै 2021 च्या पुरात गेल्या म्हणता. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 31 प्रमाणे पावती देणं मालकावर बंधनकारक होतं, पण वाशिष्ठी नदीला कलमं कळत नाहीत. मला या पुराची दुसरी बाजू दिसते. पुरानंतर तलाठी घरोघर पंचनामे करत फिरले, सानुग्रह अनुदान वाटलं गेलं. त्या पंचनाम्यात त्या खोलीत राहणारे म्हणून तुमचं किंवा वडिलांचं नाव असणार. तहसील कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल काढा. ज्या पुराने पावत्या नेल्या, त्यानेच सरकारी कागद मागे ठेवला आहे आणि तो तुमच्या जुन्या पावत्यांपेक्षा वजनदार ठरू शकतो. जोडीला घरपट्टीचा आकारणी उतारा, जुनी वीजबिलं, रेशनकार्ड.

भाडं 2021 पासून थकलंय, कारण 'मालकाचा मुलगा घेत नव्हता.' मनीऑर्डर का केली नाहीत? ती परत आली असती तरी पुरावा झाला असता. आता करा. थकबाकीची नोटीस आलीच तर भरायला 90 दिवस असतात. दावा लागला तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत सगळी थकबाकी 15 टक्के सरळव्याज आणि खर्चासह कोर्टात भरा आणि पुढचं भाडं भरत राहा. ही तारीख चुकवलीत तर वरचं सगळं मी फुकट लिहिलं.

आता रुद्रभूमी. खोलीच्या बाबतीत कोर्टाचा संथपणा तुमच्या पथ्यावर पडतो. तारखा पडोत, तुम्ही घरात आहात. परसात तो तुमच्या मुळावर येतो. पाऊस ओसरला की जेसीबी येणार, आणि जांभ्याचे चौथरे एका सकाळीत उखडले गेले की 'इथे काही नव्हतंच' हे बिल्डरचं म्हणणं खरं वाटायला लागणार. त्यामुळे हे काम खोलीच्याही आधी.

आजोबांच्या समाधीवर नातू म्हणून एकट्याने मालकी सांगू नका, टिकणं कठीण. समाज तिथे पिढ्यान् पिढ्या दफन करत आला, हा वहिवाटीचा, रूढीने आलेला हक्क मांडायचा. समाजातल्या दोघातिघांनी सर्वांच्या वतीने, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1 नियम 8 ची परवानगी घेऊन दावा लावायचा. त्याच दिवशी तात्पुरत्या मनाईचा अर्ज आणि जागा पाहायला कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज. शासनाला पक्षकार करायचं तर एरवी कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस लागते. दोन महिन्यांत तिथे पार्किंग होईल, म्हणून 80(2) खाली ती नोटीस न देता दावा लावण्याची परवानगी मागा.

कागद कुठले? मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) मालकाचं नाव असेलच, त्याने घाबरू नका. नगर भूमापनाच्या वेळची चौकशी नोंदवही आणि जुना नकाशा काढा. जागेचा वापर तिथे काय लिहिलाय, विकास आराखड्यात ती कशी दाखवलीय, समाजाच्या वहीत दफनाच्या नोंदी आहेत का, यावर दाव्याचा जोर ठरेल. जागा समाजाच्या नोंदणीकृत ट्रस्टची निघाली आणि कुणा विश्वस्ताने परस्पर विकली असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी होती का, हे पहिलं विचारा. ती नसेल तर गोष्ट खूप सोपी होते. (कब्रस्तान असतं तर वक्फचा 2025 मध्ये बदललेला कायदा आणि नोंदणी हा वेगळा विषय आला असता. त्या वाचकांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये.)

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 301 खाली तक्रार देता येते, दफनाच्या जागी भावना दुखावण्याच्या हेतूने अतिक्रमण केल्याची. पण तो हेतू, किंवा भावना दुखावतील याची जाणीव तरी, दाखवावी लागते, आणि ठाणे अंमलदार 'दिवाणी बाब आहे' म्हणतील. तक्रार द्या, पोच घ्या, तिच्या भरवशावर राहू नका. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी जिल्ह्यासाठी कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. मुंबईऐवजी कुंभार्ली घाट, एवढाच दिलासा.

शेजारच्या त्या मुलाला सांगा, उद्या सकाळी मोबाइल घेऊन परसात जा. प्रत्येक चौथरा, त्यावरचं नाव, मागे चाळीची भिंत दिसेल असा एकेक फोटो, आणि मूळ फाइल जपून ठेव. सही केलीत त्या दिवशीही त्याचेच फोटो कामी आले.