कंडक्टिव्ह (वीज वाहून नेणाऱ्या) धाग्याने एलईडी शिवलेला कपडा पाण्यात धुता येतो का?

हो, धुता येतो. फक्त बॅटरी आधी काढायची आणि कपडा आतून-बाहेरून पूर्ण सुकल्याशिवाय परत लावायची नाही. शिवायचे एलईडी आणि त्यांना चालवणारे छोटे सर्किट बोर्ड नुसत्या पाण्याने सहसा बिघडत नाहीत. ओल्या कापडातून वीज वाहिली की मात्र शॉर्ट होतो आणि धातूचे जोड गंजतात.

खरा प्रश्न धाग्याचा आहे. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन वीज छान वाहून नेतो, पण धुण्यात मुलामा झिजतो, हवेतल्या गंधकाने काळाही पडतो; रोध (विजेला होणारा अडथळा) वाढत जातो आणि दिवे मंदावतात. स्टेनलेस स्टीलचा धागा हे सगळं सोसतो. लांब अंतरावर मात्र त्याचाही रोध वाढतो, म्हणून तिथे दुहेरी टाका घाला. वारंवार धुवायचं असेल तर मी स्टीलच घेईन. त्याच्या गाठी मात्र हट्टी, आपोआप सुटतात; त्यांवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब टाका. थंड पाणी, सौम्य साबण, ब्लीच नको, पिळू तर अजिबात नका.

बॅटरी किंवा बोर्ड कायमचा आत बंद असेल तर हे लागू नाही. गूगल आणि लिव्हाईजच्या 2017 च्या स्मार्ट जॅकेटमध्ये कंडक्टिव्ह धागे बाहीतच विणलेले होते, तरी इलेक्ट्रॉनिक टॅग धुण्याआधी काढावा लागे. घरी करतानाही तसंच करा: बोर्ड चाप-बटणांवर बसवा.