जर्मनीतल्या स्वयंसेवा-वर्षातले २५ सेमिनार-दिवस आणि मूल्यमापन: सही करण्याआधी काय विचारावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २३, नाशिकला बी.एससी. झालंय, जर्मन भाषेची बी१ पातळी झालीय, आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमधल्या एका किटात, म्हणजे बालवाडीत, वर्षभराच्या बीएफडीची, म्हणजे जर्मन सरकारच्या स्वयंसेवेची, जागा देऊ केली आहे. करारात '२५ सेमिनार-दिवस' आणि 'पेडागोगिशे बेग्लायटुंग' (वर्षभराचं शैक्षणिक मार्गदर्शन) असं लिहिलंय. हे प्रशिक्षण नक्की काय, त्याचे पैसे भरावे लागतात का, आणि मूल्यमापनात कमी पडलं तर परत पाठवतात का?

सेमिनारचे पैसे लागत नाहीत. गुण नसतात, त्यामुळे नापास होण्याचा प्रश्नच येत नाही. पण सेमिनारला जाणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि मूल्यमापनाच्या बैठकीत गप्प बसलात तर वर्ष वाया जाऊ शकतं. आपल्याकडची मुलं याच ठिकाणी सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

आधी कोण कोण असतं ते कळू द्या. बीएफडी ही जर्मनीच्या केंद्र सरकारची स्वयंसेवा. २०११ मध्ये सक्तीची लष्करी भरती थांबली आणि १ जुलै २०११ पासून ही सुरू झाली. करारावर तुमची आणि सरकारची, म्हणजे कोलोनच्या 'बाफ्झा' या कार्यालयाची सही असते. रोजचं काम जिथे करायचं ती जागा म्हणजे आइन्झात्सश्टेले, तुमच्या बाबतीत किटा. या दोघांच्या मध्ये असतो ट्रेगर: कारितास, डियाकोनी, आवो, रेड क्रॉस यांसारखी संस्था. सेमिनार घेणं, अडचणीत फोन उचलणं, किटात येऊन बघणं ही कामं बहुतेक ठिकाणी ट्रेगरकडे असतात. एफएसजे हा स्वयंसेवेचाच जुना, २७ वर्षांखालच्यांसाठीचा प्रकार. त्यात करार थेट ट्रेगरशी होतो. तिसरा रस्ता वेल्टवेर्ट्स या जर्मन स्वयंसेवा-योजनेच्या दक्षिण-उत्तर विभागाचा. त्यात भारतातली पाठवणारी संस्था आणि जर्मनीतली बोलावणारी संस्था मिळून तयारी करून घेतात. तिथेही मुक्काम बहुधा बीएफडीच्या करारावरच असतो.

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो तो गाव कोणतं आणि पैसे किती. पैशांचं एवढंच सांगतो की कायद्यात फक्त कमाल मर्यादा आहे, किमान नाही. २०२५ साठी हातखर्चाची कमाल मर्यादा महिना ६४४ युरो होती. प्रत्यक्षात बरीच ठिकाणं त्याहून कमी देतात. राहणं-जेवण मिळणार की त्याऐवजी रोख, हे करारात स्वतंत्र लिहिलेलं हवं. आरोग्य, पेन्शन वगैरे सामाजिक विम्याचे हप्ते पूर्णपणे किटाकडून किंवा ट्रेगरकडून भरले जातात, तुमच्या हातखर्चातून कापले जात नाहीत. पण माझ्या मते पहिला प्रश्न असायला हवा तो ट्रेगर कोण आणि माझ्यासाठी नेमलेली व्यक्ती कोण, हा. एजंट लाखभर रुपये मागत असेल आणि ट्रेगरचं नाव सांगत नसेल तर तिथेच थांबा.

२५ दिवसांची विभागणी साधारण अशी असते. पाच-पाच दिवसांचे पाच सेमिनार, सोमवार ते शुक्रवार. एफएसजेच्या कायद्यात सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन सेमिनार किमान पाच-पाच दिवसांचे असलेच पाहिजेत. बीएफडीत २७ वर्षांखालच्यांना यातले पाच दिवस राजकीय शिक्षणाचे असतात: लोकशाही, हक्क, माध्यमं, युरोप असे विषय, आणि ते सरकारच्या शिक्षण केंद्रात होतात. वर्ष वाढवून १८ महिने केलं तर बारा महिन्यांनंतरच्या प्रत्येक महिन्याला एक दिवस वाढतो. सेमिनारचे दिवस कामाचे दिवस म्हणूनच धरले जातात. त्यामुळे त्या आठवड्यात रजा घेता येत नाही आणि किटालाही 'आमच्याकडे माणसं कमी आहेत, या वेळी जाऊ नकोस' असं म्हणता येत नाही. असं कोणी म्हणालं तर स्वतः वाद घालू नका. त्याच दिवशी ट्रेगरला ईमेल करा.

प्रत्यक्षात वीस-पंचवीस जणांचा गट एखाद्या युथ हॉस्टेलमध्ये किंवा सेमिनार-घरात राहतो. खोल्या दोघा-चौघांत वाटून. नोंदणीच्या फॉर्ममध्ये जेवणाचा रकाना असतो. तिथे 'शाकाहारी, अंडं चालतं/चालत नाही, मासे चालत नाहीत' असं स्पष्ट लिहा, कारण नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासे चालतील असं समजणारे लोक भेटतात. चादर-अभ्रे बरोबर आणायचे की तिथे मिळतात, ते पत्रात दिलेलं असतं. रोज हजेरीपत्रकावर सही असते. प्रवासाचं तिकीट जपून ठेवा, भरपाई तिकिटावरच मिळते. कोणत्या गाडीचं तिकीट चालतं, हे काढण्याआधी विचारा.

वर्गात व्याख्यानं फार कमी. दिवसाची सुरुवात बहुतेक वेळा 'ब्लिट्झलिश्ट'ने होते: गोल बसून प्रत्येकाने एक-दोन वाक्यांत आपण कसे आहोत ते सांगायचं, कोणी उत्तर द्यायचं नाही. सगळ्यात उपयोगी पद्धत 'कोलेगियाले फालबेराटुंग', म्हणजे एकमेकांच्या अडचणीवर एकमेकांनी विचार करणं. पाऊण तास लागतो. एक जण पाच-दहा मिनिटं आपला प्रसंग सांगतो आणि शेवटी एकच नेमका प्रश्न ठेवतो. मग तो गप्प बसतो आणि बाकीचे दहा मिनिटं त्याच्यासमोर, पण त्याला न विचारता, त्यावर बोलतात. शेवटी त्यातलं काय घेणार हे तो सांगतो. गप्प बसून ऐकणं जड जातं, पण किटात घडलेल्या गोष्टीकडे वेगळ्या बाजूने बघता येतं ते इथेच. प्रसंग निवडताना मुलाचं नाव, आडनाव, गाव काही सांगायचं नाही. गोपनीयता सेमिनारमध्येही लागू असते. किटातल्या मुलांचे फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकणं तर अजिबात नाही. एवढ्यावरून करार संपू शकतो.

सेमिनार कसा व्हावा यात स्वयंसेवकांनी सहभाग घ्यायचा असं कायदाच सांगतो, आणि गट आपला प्रतिनिधीही निवडतो. त्यामुळे पुढच्या सेमिनारचे विषय ठरतात तेव्हा बोला. परदेशातून आलेल्यांसाठी 'राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण', 'आउसबिल्डुंगचा (व्यावसायिक प्रशिक्षणाचा) अर्ज कसा करायचा' असे विषय तुम्ही सुचवले नाहीत तर कार्यक्रमात येतीलच असं नाही. काही ट्रेगर परदेशी स्वयंसेवकांचा वेगळा गट करतात, काही सगळ्यांना एकत्र बसवतात. वेगळ्या गटात भाषा सावकाश चालते आणि कागदपत्रांची मदत होते, पण जर्मन मित्र होत नाहीत. पहिला सेमिनार वेगळा आणि पुढचे एकत्र, ही रचना मला सगळ्यात चांगली वाटते. तुमच्या ट्रेगरला हे आत्ताच विचारा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते वेळापत्रक. स्वयंसेवा-वर्ष बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं आणि पहिला सेमिनार पहिल्या काही आठवड्यांत असतो. महाराष्ट्र-गोव्यातल्या अर्जदारांचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडून होतो, आणि अपॉइंटमेंट व निर्णय लांबला की मुलगी नोव्हेंबरात पोहोचते. तोवर गटाची ओळख झालेली, नियम समजावून झालेले, अपघात विम्यापासून आजारपणाच्या रजेपर्यंत सगळं सांगून झालेलं. २५ दिवस मात्र तितकेच भरायचे असतात. म्हणून सही करण्याआधी लेखी विचारा: 'व्हिसा उशिरा आला तर पहिल्या सेमिनारच्या बदल्यात कोणता, आणि सुरुवातीची माहिती मला कोण देणार?' ज्या ट्रेगरकडे याचं तयार उत्तर आहे, त्याने परदेशी मुलं आधी सांभाळलेली आहेत असं समजा.

कागद इथूनच तयार करून न्या. किटा, शाळा आणि दवाखान्यात काम करणाऱ्या, १९७० नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला गोवरच्या लशीचा पुरावा द्यावा लागतो. मार्च २०२० पासूनचा नियम आहे. दोन डोस, तारखांसकट, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह. लहानपणीचं लसीकरण कार्ड हरवलं असेल तर अँटिबॉडी तपासणी किंवा पुन्हा लस. हा कागद नसेल तर पहिल्या दिवशी काम सुरूच करता येत नाही. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही काढून ठेवा. पोहोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची, आणि व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ घ्यायची. मुलांना जेवण वाढायचं काम असेल तर आरोग्य खात्याचं अन्न-स्वच्छतेचं मार्गदर्शनही घ्यावं लागतं. ते किटा लावून देते.

आता मूल्यमापन. किटाने तुमच्यासाठी एक 'आनलायटर', म्हणजे काम शिकवणारी अनुभवी शिक्षिका, नेमलेली असली पाहिजे. पहिल्याच आठवड्यात तिचं नाव आणि बैठकीचा ठरलेला वार विचारून घ्या. सुरुवातीला आठवड्याला अर्धा तास, नंतर पंधरवड्याला एकदा पुरतो. तिच्याबरोबर शिकण्याची उद्दिष्टं लिहायची असतात. 'जर्मन सुधारणं' हे उद्दिष्ट कुणालाच तपासता येत नाही. 'डिसेंबरपर्यंत मॉर्गेनक्राइस, म्हणजे सकाळचं गोल बसणं, पंधरा मिनिटं एकटीने घेईन, शिक्षिका वर्गात असताना' हे तपासता येतं. अशी तीन-चार पुरेत.

साधारण सहाव्या महिन्यात मधली बैठक होते. त्यात तुम्ही, आनलायटर आणि बऱ्याचदा ट्रेगरची व्यक्ती असते. फॉर्म आधी भरून न्यायचा असतो: काय जमलं, काय नाही, आणखी काय हवं. इथे आपली सवय आडवी येते. ज्यांच्या घरी राहतो त्यांच्या तोंडावर उणं काढू नये, मोठ्यांना उलट सांगू नये, म्हणून मुलं लिहितात 'सगळं खूप छान आहे'. जर्मन माणूस ते शब्दशः घेतो. फाइलमध्ये 'तक्रार नाही' असं नोंदलं जातं, आणि मे महिन्यात असह्य झालं की ट्रेगर विचारतो, फेब्रुवारीत का नाही सांगितलंत? त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न प्रामाणिक असतो. तिथे अडचण सांगणं हा उद्धटपणा नाही. त्यासाठीच तो अर्धा तास ठेवलेला असतो.

सांगताना तारीख आणि घटना सांगा, स्वभाव नको. 'माझ्याकडे लक्ष देत नाहीत' यापेक्षा '१२, १४ आणि १९ जानेवारीला दुपारी मी एकटी अठरा मुलांबरोबर होते' हे सांगा. किटात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. माणसं आजारी पडली की स्वयंसेविकेला गटावर एकटं सोडतात. स्वयंसेवक हा मदतनीस; त्याने पगारी माणसाची जागा भरायची नाही, हे बीएफडीच्या कायद्यात आहे, आणि मुलांवर लक्ष ठेवायची जबाबदारी किटाच्या शिक्षकांची असते. त्यासाठी रोज रात्री दोन ओळींची वही ठेवा: तारीख, काम, कोण बरोबर होतं. हीच वही शेवटच्या अहवालालाही कामी येते.

सुधारणा झाली नाही तर दुसरी किटा मागता येते. पण क्रम पाळा: आधी आनलायटर, मग ट्रेगर, आणि नवी जागा लेखी हातात आल्यावर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवणं. रागाच्या भरात राजीनामा दिला तर राहण्याच्या परवान्याचं कारणच संपतं. 'परत पाठवतात का' याचं खरं उत्तर हे. मूल्यमापनामुळे कोणी पाठवत नाही. न कळवता गैरहजर राहणं, सेमिनार बुडवणं, आजारपणात डॉक्टरांचा दाखला नसणं यावरून लेखी ताकीद मिळते, आणि ती पुन्हा मिळाली तर करार जाऊ शकतो. आजारी पडलात तर कामाची वेळ सुरू होण्याआधी फोन करा. सेमिनारच्या दिवशी ट्रेगरलाही.

शेवटचा कागद म्हणजे त्सॉइग्निस, कामाचं प्रमाणपत्र. नुसता काळ लिहिलेला दाखला मिळतोच, पण कामाची गुणवत्ता आणि वागणूक लिहिलेलं प्रमाणपत्र मागावं लागतं, आणि तो तुमचा हक्क आहे. त्यातली भाषा ठरीव असते. 'श्टेट्स त्सू उन्झरर फोल्श्टन त्सुफ्रीडनहाइट' म्हणजे उत्तम. 'श्टेट्स' आणि 'फोलन' असेल तर चांगलं. 'श्टेट्स' गाळून नुसतं 'फोलन' असेल तर मध्यम. आणि फक्त 'त्सू उन्झरर त्सुफ्रीडनहाइट' असेल तर जेमतेम. वाचायला सगळीच वाक्यं गोड वाटतात, म्हणून मसुदा आधी मागा आणि सेमिनार घेणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्या.

पुढे आउसबिल्डुंग करायचा विचार असेल तर शेवटपर्यंत थांबू नका. ती ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होते, अर्ज कित्येक महिने आधी जातात. जानेवारीतच 'त्स्विशेनत्सॉइग्निस', म्हणजे मधलं प्रमाणपत्र, मागा. मधल्या बैठकीच्या फॉर्मवरूनच ते लिहिलं जातं, त्यामुळे त्या फॉर्मवर काय लिहिता याला दुप्पट महत्त्व आहे.

आज रात्री ट्रेगरला एवढे प्रश्न पाठवा: माझी आनलायटर कोण, मधली बैठक कोणत्या महिन्यात, तिचा फॉर्म आधी बघायला मिळेल का, पहिला सेमिनार चुकला तर काय, किटात कोणी येऊन भेटतं का आणि किती वेळा. उत्तर आलं की करार पुन्हा एकदा वाचा. एखादं कलम कळलं नाही तर नावं झाकून इथे टाका, बघतो.