पाऊलखुणा, ठसे की माग?

‘घटनास्थळी चोराच्या पाऊलखुणा आढळल्या’ अशी बातमी वाचून एकाने विचारलं आहे की तपासाच्या संदर्भात पाऊलखुणा म्हणावं, पायाचे ठसे म्हणावं की पदचिन्हं?

माझं मत ‘ठसे’च्या बाजूने. ‘इतिहासाच्या पाऊलखुणा’ वाचून वाचून त्या शब्दाला आता आठवणींचा असा रंग चढलाय, की चोराला लावला तर चोरच भारदस्त वाटू लागतो. पदचिन्हं देवाधर्माची, ती तिथेच राहू द्यावीत.

ठसा म्हटलं तरी क्रियापद जपून निवडावं लागतं. ओल्या मातीतल्या ठशाला खोली असते. त्याशेजारी मोजपट्टी ठेवून, बाजूने तिरपा प्रकाश टाकून आधी फोटो काढतात आणि मग त्यात डेंटल स्टोनचं (दंतवैद्य दातांच्या प्रतिकृतीसाठी वापरतात त्या, घट्ट होणाऱ्या जिप्समच्या पुडीचं) पातळ मिश्रण ओततात. फरशीवरचा धुळीचा ठसा मात्र सपाट. तो स्थिर विजेच्या साहाय्याने फिल्मवर उचलतात. म्हणजे एक ओतून घ्यायचा, दुसरा उचलायचा. ‘मातीतल्या ठशाचा साचा घेतला’ हे तर उलटंच झालं. साचा म्हणजे ती मातीच, हाती येते ती ओतीव प्रतिकृती.

‘ठसे जुळले’ हेही मोघम आहे. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे बूट हजारो लोक घालतात, त्यामुळे नुसती तळाची नक्षी जुळून माणूस सापडत नाही. तळाला गेलेली चीर, रुतून बसलेला खडा, एका कडेची झीज असं काही जुळलं तर ‘तोच बूट’ म्हणण्याला वजन येतं. (तरी तो कोणाच्या पायात होता, हा प्रश्न उरतोच.) अनवाणी ठशाची गोष्ट वेगळी. तळपायावर बोटांसारख्याच रेषा असतात आणि त्या स्पष्ट उमटल्या तर ओळख पटू शकते. चिखलात त्या सहसा उमटत नाहीत, मग लांबी आणि बोटांची ठेवण एवढ्यावरच भागवावं लागतं.

माग हा शब्द एकट्यादुकट्या ठशाला लावू नये. ठशांची ओळ असली तरच माग. दोन पावलांमधलं अंतर, पाऊल बाहेर वळवून टाकायची सवय, लंगडणं हे मागावरून दिसतं.

राहिली उंची. पायाची लांबी उंचीच्या साधारण 15 टक्के धरतात, पण माणसागणिक फरक पडतो. तेव्हा ‘ठशावरून उंची समजली’ असं न लिहिता ‘उंचीचा अंदाज आला’ लिहावं.